महिन्याचा मेळ : आर्थिक स्वास्थ्याच्या मोजमापाची प्रस्तावना

एखाद्या घराचे बरे चालले आहे की नाही, हे आळीतल्या लोकांना बहुधा ठाऊक असते. पण ते कशावरून ठरवले, असे विचारले की उत्तरे वेगवेगळी येतात. कुणी पगार सांगतो, कुणी जमीन, कुणी घरातले सोने. आणि कुणी एवढेच म्हणतो, की त्यांना कुणापुढे हात पसरावा लागत नाही. यातले शेवटचे उत्तर या अभ्यासक्षेत्राच्या सर्वांत जवळचे आहे. माणसाचे आर्थिक स्वास्थ्य मोजायचे कसे, आणि पैसा सांभाळण्याचे त्याचे कौशल्य त्या स्वास्थ्यात किती भर घालते, या दोन प्रश्नांभोवती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर मोठे काम झाले आहे. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य अशा निरनिराळ्या वाटांनी अभ्यासक इथे येतात. मराठीतून या वाटेला लागणाऱ्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो, आणि सुरुवातीलाच एक गाव त्याच्या पुढ्यात ठेवतो.

खेड तालुक्यातले महाळुंगे इंगळे चाकण–तळेगाव रस्त्यावर आहे. चाकणला एमआयडीसी आली, महाळुंग्याच्या हद्दीत बजाज ऑटोचा कारखाना झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांची शिवारे कारखान्यांनी, गोदामांनी आणि भाड्याच्या खोल्यांनी भरत गेली. आज इथल्या एकाच गल्लीत तीन प्रकारची घरे सापडतात. पहिले घर मूळ गावकऱ्याचे : जमीन संपादनात गेली, मोबदला मिळाला, त्यातून खोल्या बांधल्या आणि आता भाडे येते. दुसरे घर कायम कामगाराचे : पगार ठरलेला, डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता. तिसऱ्या घरात मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली चार पोरे एका खोलीत राहतात; काम कंत्राटदाराकडे, महिन्याची कमाई ओव्हरटाइमवर हलणारी, आणि त्यातले काही पैसे दर महिन्याला गावी जाणारे. या तिघांपैकी निर्धास्त कोण आहे, हे नुसत्या उत्पन्नाच्या आकड्यावरून सांगता येत नाही. तसे ते सांगता आले असते, तर या शाखेची गरजच पडली नसती.

हा विषय बाहेरून आलेला आहे असे नव्या वाचकाला वाटू शकते, कारण त्यातल्या बऱ्याचशा प्रश्नावल्या इंग्रजीत आहेत. पण घराची आर्थिक अवस्था शिस्तीने मोजण्याची परंपरा पुणे जिल्ह्यात जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाला कर्ज किती, कुणाकडून, कशापायी, हे गावोगाव तपासावे लागले. आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. घरातल्या कर्जाची मोजदाद ही राज्यकारभाराची बाब आहे, हे इथे तेव्हापासून मान्य झाले.

दुसरे उदाहरण महाळुंग्याच्या आणखी जवळचे आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी एका गावाचा घरोघर अभ्यास केला आणि तो १९१७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. ते गाव होते पिंपळे सौदागर. आज ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि तिथे उंच इमारती आहेत. मॅन यांनी दाखवले, की १७७१ मध्ये या गावात सरासरी धारण सुमारे ४० एकरांची होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. पण आपल्या दृष्टीने त्यांच्या कामातला महत्त्वाचा भाग वेगळा आहे. त्यांनी कुटुंबांचे तीन गट पाडले : शेतीवरच नीट भागणारी, बाहेरच्या मजुरीची जोड दिली तर भागणारी, आणि जोड देऊनही न भागणारी. गावातली बहुसंख्य कुटुंबे तिसऱ्या गटात निघाली. हे वर्गीकरण नीट पाहिले तर लक्षात येते, की मॅन यांनी श्रीमंती मोजली नाही. घराच्या गरजा आणि घराची आवक यांचा मेळ बसतो का, हे मोजले. आजच्या भाषेत ते आर्थिक स्वास्थ्याचेच मोजमाप होते.

पुढे ही परंपरा पुण्यात रुजली. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले. रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीवर गाडगीळ सदस्य होते. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीच्या १९५४ च्या अहवालाने दाखवले, की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के आहे. सहकारी पतपुरवठ्याची पुढची बरीच धोरणे या आकड्यांवर उभी राहिली. या जुन्या पाहण्यांनी जमीन, कर्ज, उत्पन्न आणि खर्च बारकाईने मोजले. घरातला माणूस पैशाचे निर्णय कसे घेतो आणि त्याला स्वतःच्या स्थितीबद्दल काय वाटते, हे प्रश्न मात्र त्यांच्या कक्षेत नव्हते. तिथून नव्या अभ्यासाची सुरुवात होते.

त्यातली पहिली मोजपट्टी कौशल्य मोजते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या निवृत्तीच्या वयाजवळच्या लोकांच्या एका मोठ्या पाहणीत अ‍ॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल यांनी तीन प्रश्न घातले : एक चक्रवाढ व्याजाचा, एक महागाईचा, आणि एक सगळे पैसे एकाच कंपनीच्या शेअरमध्ये गुंतवण्याच्या जोखमीचा. हे तीन प्रश्न पुढे अनेक देशांत वापरले गेले. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने ज्ञानाच्या अशा प्रश्नांना वर्तनाची आणि दृष्टिकोनाची जोड दिली : तुम्ही हिशेब ठेवता का, बिले वेळेवर भरता का, उद्याचा विचार करता का. याच धर्तीवर भारतात एनसीएफई या राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राने २०१९ मध्ये पाहणी केली, तेव्हा सुमारे २७ टक्के प्रौढ तिन्ही निकषांना उतरले.

दुसरी मोजपट्टी बँकसेवांची पोहोच मोजते. जागतिक बँकेच्या फिन्डेक्स पाहणीनुसार भारतात खाते असलेल्या प्रौढांचे प्रमाण २०११ मध्ये ३५ टक्के होते. जनधन योजना २०१४ मध्ये आली आणि २०१७ पर्यंत ते ८० टक्क्यांवर गेले. पण त्याच २०१७ च्या पाहणीत भारतातल्या जवळजवळ निम्म्या खात्यांवर वर्षभरात एकही व्यवहार झालेला नव्हता. रिझर्व्ह बँकेचा वित्तीय समावेशन निर्देशांक पोहोचीबरोबर वापरही मोजतो. त्यात पोहोचीला ३५ टक्के, वापराला ४५ टक्के आणि सेवेच्या गुणवत्तेला २० टक्के वजन आहे. मार्च २०२१ मध्ये तो ५३.९ होता, मार्च २०२५ मध्ये ६७ झाला.

तिसरी मोजपट्टी थेट स्वास्थ्याकडे वळते. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०१५ मध्ये लोकांशी दीर्घ बोलून आर्थिक स्वास्थ्याची व्याख्या केली. तिचे चार भाग आहेत : रोजच्या आणि महिन्याच्या पैशांवर ताबा, अचानक आलेला धक्का सोसण्याची ताकद, ठरवलेल्या उद्दिष्टांकडे वाटचाल, आणि आयुष्यात थोडी हौस करता येईल एवढी मोकळीक. त्यावरून दहा प्रश्नांची आणि ० ते १०० गुणांची श्रेणी तयार झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकी प्रौढांची सरासरी ५४ आली. या चार भागांपैकी शेवटच्या भागाकडे मराठी अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. गावच्या यात्रेला पाहुण्यांना जेवायला बोलावणे, मुलीच्या पहिल्या दिवाळसणाला साजेसा आहेर करणे, हा खर्च उधळपट्टीच्या खात्यात टाकायचा की स्वास्थ्याच्या? ज्या घराला यात्रेच्या दिवशी दार लोटून बसावे लागते, त्या घराच्या मनाला काय होते, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. प्रश्नावलीत त्याला जागा हवी.

आता एक गोष्ट जवळून पाहू. समजा, महाळुंग्यातल्या एका बाईला तो चक्रवाढीचा प्रश्न विचारला : १०० रुपये दोन टक्क्यांनी पाच वर्षे ठेवले, तर १०२ पेक्षा जास्त होतील, कमी होतील की तेवढेच राहतील? ती गप्प राहिली किंवा ‘माहीत नाही’ म्हणाली, तर गुणपत्रिकेत शून्य पडेल. पण हीच बाई वीस जणींची लिलावाची भिशी चालवत असेल. प्रत्येकीचे २,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४०,००० रुपये जमतात. एकीला तातडीने पैसे हवे असतात. ती ३४,००० वर भिशी उचलायला तयार होते. उरलेले ६,००० वीस जणींत वाटले की प्रत्येकीला ३०० सुटतात, आणि त्या महिन्याचा हप्ता प्रत्यक्षात १,७०० पडतो. उचलणारीने सहा हजार सोडले ते योग्य केले का, हे ठरवताना भिशी चालवणारी बाई मनातल्या मनात दुसरा हिशेब मांडते. बाहेरून महिना शेकडा पाचने नुसते वीस हजार घेतले असते तरी महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार नुसते व्याज गेले असते आणि मुद्दल जागचे हलले नसते. ही तुलना करणारी बाई निरक्षर कशी ठरवायची? तिच्या ज्ञानात उणीवही असेल. नोंदणी नसलेली भिशी बुडाली तर दाद मागणे किती अवघड आहे, याचा अंदाज कदाचित तिला नसेल. चांगल्या मोजमापाने या दोन्ही गोष्टी पकडायला हव्यात : तिला काय येते आणि तिला कुठे धोका आहे.

याच न्यायाने कंत्राटी कामगाराचे कौशल्यही निराळे आहे. त्याच्या पगारचिठ्ठीवर मूळ पगार, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय असे रकाने असतात. पीएफचा १२ टक्क्यांचा कापलेला पैसा खरोखर जमा झाला का, हे मोबाईलवर तपासणे, कंत्राटदार बदलल्यावर जुन्या खात्यातली रक्कम एकाच यूएएन या पीएफ खाते क्रमांकाखाली आणून घेणे, आधारवरचे नाव आणि पीएफमधले नाव जुळवून घेणे, या गोष्टी त्याच्या आयुष्यात शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त पैसे वाचवतात. जगभर वापरलेली प्रश्नावली जशीच्या तशी आणली तर हे कौशल्य निसटते. म्हणून इथल्या अभ्यासकाने मूळ प्रश्न ठेवावेत, कारण तुलनेसाठी ते लागतात. पण त्यांच्या शेजारी इथल्या जगण्यातले प्रश्नही घालावेत.

मोबदला मिळालेल्या घराचा प्रश्न तिसराच. पिढ्यान्‌पिढ्या वर्षाला दोनदा पीक हाती येण्याची सवय असलेल्या कुटुंबाच्या खात्यावर एक दिवस एवढी रक्कम येते, की तेवढी त्यांनी कधी एकत्र पाहिलेली नसते. ती सांभाळण्याचे कौशल्य त्यांच्या वाडवडिलांना लागलेच नव्हते. त्यांना लागत होते ते दुष्काळात तगण्याचे. भावाभावांतल्या वाटण्या, बहिणींचे हक्कसोड, गाडी, बंगला, खोल्या, नातेवाइकांचे हातउसने, हे सगळे निर्णय थोड्या महिन्यांत घ्यावे लागतात. ज्यांनी खोल्या बांधल्या त्यांनी एकरकमी पैशाचे पुन्हा महिन्याच्या आवकेत रूपांतर केले. पण तीही आवक कारखान्यांच्या कामावर अवलंबून आहे. २०१९ ची वाहन उद्योगातली मंदी आणि २०२० ची टाळेबंदी यांत कामगार गावी गेले की खोल्याही रिकाम्या पडतात, हे या पट्ट्याने पाहिले. अशा घराचे स्वास्थ्य मोजताना मालमत्तेच्या किमतीपेक्षा दोन प्रश्न उपयोगी पडतात : आवक किती ठिकाणांहून येते, आणि त्यातले एक ठिकाण बंद झाले तर घर किती महिने चालेल?

मोजमापातला एक अदृश्य घटक म्हणजे तारीख. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्दार शाफिर आणि जियायिंग झाओ यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊसउत्पादकांना त्यांनी कापणीच्या आधी, हात आखडता असताना, आणि कापणीनंतर, पैसे आल्यावर, अशा दोन्ही वेळी एकाच प्रकारच्या बौद्धिक चाचण्या दिल्या. तोच माणूस पैसे आल्यावर चाचण्यांत सरस ठरला. तंगीच मनाचा बराचसा भाग व्यापून टाकते, असा अर्थ त्यांनी लावला. महाळुंग्यातल्या कामगाराला कापणी नाही, पगाराची तारीख आहे. वेतन देण्याबाबतच्या १९३६ च्या कायद्याने लहान आस्थापनांना पुढच्या महिन्याची ७ तारीख आणि हजार किंवा अधिक कामगार असलेल्यांना १० तारीख अशी मुदत घालून दिली होती. खोलीभाडे आणि किराण्याची उधारी याच तारखांभोवती फिरते. एकाच कामगाराला ११ तारखेला विचारलेला प्रश्न आणि २८ तारखेला विचारलेला तोच प्रश्न, यांची उत्तरे सारखी येतीलच असे धरून चालता येत नाही. म्हणून प्रश्नावलीवर मुलाखतीची तारीख आणि पगार होऊन किती दिवस झाले, हे नोंदवणे ही या पट्ट्यातल्या अभ्यासाची पहिली शिस्त मानावी, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर कोण ऐकत आहे, यानेही उत्तर बदलते. अमेरिकेच्या त्या दहा प्रश्नांच्या श्रेणीत गुण काढण्याचे तक्ते वेगवेगळे आहेत : माणसाने स्वतः वाचून उत्तरे दिली तर एक, आणि दुसऱ्याने विचारून लिहून घेतली तर दुसरा. समोर कुणी असले की माणूस आपली ओढाताण झाकतो, हे त्यामागचे निरीक्षण. आपल्याकडे तर मुलाखत एका खोलीत होते. सासू चहा ठेवत असते, दीर दारात उभा असतो. सुनेचे माहेरून आणलेले सोने गहाण आहे का, हे त्या वेळी कळणार नाही. आठवणीचाही प्रश्न आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत खर्च सात दिवसांचा विचारायचा की तीस दिवसांचा, यावरून देशातल्या गरिबीच्या आकड्यांवर मोठा वाद झाला. यावर डॅरिल कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला मार्ग मोलाचा आहे. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब कुटुंबांना वर्षभर थोड्या थोड्या दिवसांनी भेटून त्यांनी पैशाच्या रोजनिश्या तयार केल्या. त्यांवरचे पुस्तक २००९ मध्ये आले आणि त्यातून दिसले, की थोडक्या कमाईची घरे एकाच वेळी बचत, उसनवारी, गट आणि कर्ज अशी कितीतरी साधने हाताळत असतात.

आता या क्षेत्रातला सर्वांत मोठा वाद. लोकांना पैशाचे शिक्षण दिले तर त्यांचे वागणे बदलते का? २०१४ मध्ये फर्नांडिस, लिंच आणि नेटेमायर यांनी अनेक अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढला, की अशा शिक्षणाने आर्थिक वर्तनातल्या फरकाचा केवळ ०.१ टक्का भाग समजावता येतो. २०२२ मध्ये कायझर, लुसार्डी आणि सहकाऱ्यांनी ७६ यादृच्छिक प्रयोग तपासून जास्त आशादायक चित्र मांडले. नव्या वाचकाने यातला एक निकाल पाठ करून थांबू नये. शिक्षण कुणाला, कधी आणि कोणत्या निर्णयाच्या तोंडावर दिले, हे पाहावे. मोबदल्याचा धनादेश येण्याच्या आधी झालेले तासभराचे बोलणे आणि तो खर्च झाल्यावरचे व्याख्यान, यांत किती अंतर आहे, हे सांगायला नको.

माझे म्हणणे इथे येऊन ठरते. नुसते कौशल्य मोजले, तर कमी गुणांचे खापर माणसाच्या डोक्यावर फुटते : याला हिशेब येत नाही, म्हणून हा अडचणीत आहे. नुसती परिस्थिती मोजली, तर त्याच्या शहाणपणाची, काटकसरीची, निर्णयाची दखलच राहत नाही. दोन्ही एकाच कागदावर दिसायला हवीत, आणि ती जिथे एकत्र दिसतात ती जागा म्हणजे त्या घराचा महिना. आवक कोणत्या तारखांना, किती खात्रीची. जावक कोणत्या तारखांना, किती टाळता येण्याजोगी. मधली तूट कुणी आणि कशाने भरली. आणि ती भरताना काय गमावले. मॅन यांनी पिंपळे सौदागरला वर्षाचा मेळ पाहिला, कारण शेतीचा हिशेब वर्षाचा असतो. कारखान्याच्या पट्ट्यात आपल्याला महिन्याचा मेळ पाहावा लागेल.

हे काम शिकायला मोठी साधने लागत नाहीत. संख्याशास्त्राची पक्की बैठक हवी, नमुना कसा निवडायचा आणि प्रश्न विश्वासार्ह आहे की नाही हे कसे तपासायचे, याचे ज्ञान हवे. त्याहून थोडे जास्त धीराने ऐकता यायला हवे. आणि जबाबदारीची जाणीव हवी, कारण माणूस आपले कर्ज सांगतो तेव्हा तो आपली अब्रू तुमच्या हाती देत असतो. ती माहिती वसुली करणाऱ्याच्या, कर्जाचे अ‍ॅप चालवणाऱ्याच्या किंवा मालकाच्या हाती पडली तर त्याचे नुकसान होते. सिबिलचा तीन आकडी गुण बँकेसाठी असतो. या माणसाला कर्ज दिले तर परत येईल का, हे तो सांगतो. आपले मोजमाप त्या माणसासाठी आहे, हा फरक अभ्यासकाने कधीही विसरू नये.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. गोळा केलेले आकडे प्रबंधात आणि अहवालात जाऊ द्या, पण त्याआधी किंवा त्यानंतर ते ज्यांचे आहेत त्यांच्याकडे घेऊन जा. बचत गटाच्या बैठकीत, कामगारांच्या खोलीवर सुटीच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसून सांगा : तुमच्या गल्लीतल्या इतक्या घरांत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उसनवारी होते, आणि भाड्याची तारीख पगारानंतर ढकलली तर त्यातली किती टळेल हे तुम्हीच ठरवा. घरमालक त्याच गल्लीत राहतो. ही तडजोड त्याच्याही हाताची आहे. ज्या मोजमापातून असा एखादा निर्णय निघतो, ते चांगले मोजमाप. असे काम मराठीत, आपल्या गावांत, आपल्या लोकांबरोबर अजून पुष्कळ व्हायचे आहे, आणि त्यासाठी तुमची गरज आहे.